हरवलेला बिल्ला

दिवाळी झाली की घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन आमच्या कोकणपट्टीत उतरतात. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात रात्री मेंढ्या बसवायच्या. लेंड्यांनी जमिनीला खत मिळते, आणि धनगराला त्याबद्दल भात किंवा रोख. हा व्यवहार माझ्या आजोबांच्याही आधीपासूनचा. आमच्या शेतात वर्षानुवर्षे एकच वाडा उतरतो. त्या वाड्यातल्या मामांनी एकदा मला एक कागद वाचायला दिला. विमा कंपनीचे पत्र होते. ट्रकखाली सापडलेल्या मेंढ्यांपैकी तिघींचे पैसे नामंजूर झाले होते, कारण त्यांच्या कानात बिल्ला नव्हता. जनावरांच्या विम्यात अटच असते : बिल्ला नाही तर दावा नाही. बिल्ला पडला तर कळवायचे, नवा मारून घ्यायचा आणि नवा नंबर कागदावर चढवून घ्यायचा. मामांना हे कोणी समजावले नव्हते. वेड्या बाभळीत घुसून पाला खाणारी मेंढी कानातला बिल्ला काट्यांत सोडून येते, त्याचा कधी कोणी हिशेब ठेवला आहे?

''माझी मेंढरं मला तोंडावरनं वळखू येत्यात,'' मामा म्हणाले. ''पर साहेबाला कशी वळखू येणार?''

मंडळी, मामांचा हा प्रश्न फार जुना आहे. मालकाला आपले जनावर ओळखू येते. दुसऱ्याला पटवायचे तर खूण लागते. हदीसच्या ग्रंथांत अनस यांनी सांगितलेली एक आठवण आहे. पैगंबरसाहेब मेंढ्यांच्या कानावर डाग देत असताना त्यांनी पाहिले होते. जकातीत आलेल्या उंटांनाही ते स्वतःच्या हाताने डाग देत. चेहऱ्यावर डागायला मात्र त्यांनी मनाई केली. जकातीचे जनावर म्हणजे गोरगरिबांचा हक्क. ते कोणाच्या खासगी कळपात मिसळून जाता कामा नये. लहानपणी ईदच्या बोकडाचे कान वडील निरखून पाहत, ते कान धड आहेत ना, एवढ्यासाठी. कानावर हिशेबही लिहिलेला असतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

इंग्लंडच्या उत्तरेला कंब्रियाच्या डोंगरांत कुंपण नसलेल्या माळावर अनेकांच्या मेंढ्या एकत्र चरतात. तिथे प्रत्येक घराण्याची कान कापण्याची तऱ्हा ठरलेली. कोणाचे टोक कापलेले, कोणाची कड कातरलेली, शिवाय लोकरीवर रंगाचा पट्टा. १८१७ मध्ये जोसेफ वॉकर यांनी या सगळ्या खुणांचे चित्रांसह पुस्तकच छापले. भरकटलेली मेंढी सापडली की पुस्तक उघडायचे आणि मालकाला निरोप धाडायचा. कापलेला कान हरवत नाही, ही या पद्धतीची खुबी. पण त्यावरून मेंढी कोणाची एवढेच कळते. ती कोणती, कुठून कुठे गेली, हे नाही.

ही उणीव २००१ मध्ये ब्रिटनला फार महागात पडली. २० फेब्रुवारीला एसेक्समधल्या कत्तलखान्यातल्या डुकरांना लाळ्या-खुरकूत झाल्याचे नक्की झाले. तोवर उशीर झाला होता. नॉर्थम्बरलँडमधल्या मेंढ्या हेक्सॅमच्या बाजारातून लाँगटाऊनच्या मोठ्या बाजारात आणि तिथून दलालांच्या गाड्यांतून देशभर पोहोचल्या होत्या. मेंढीत हा रोग चटकन दिसतही नाही. एकेका मेंढीला स्वतंत्र नंबर नसल्याने कोणती कुठे उतरली याचा माग लावणे जिकिरीचे झाले. ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, त्यांत बहुतेक मेंढ्याच. रोगाची बाधा नसलेलीही त्यांत पुष्कळ होती. सार्वत्रिक निवडणूकसुद्धा महिनाभर पुढे गेली.

मग कायदा आला. युरोपीय संघाने डिसेंबर २००३ मध्ये नियम केला आणि २००५ पासून मेंढ्यांच्या नोंदी बदलल्या : कळपासाठी ठेवायच्या मेंढीला स्वतःचा नंबर आणि ओळखीच्या दोन खुणा, म्हणजे एक पडली तरी दुसरी राहील. पुढे त्यात इलेक्ट्रॉनिक चिपही आली. इंग्लंडमध्ये बिल्ला पडल्याचे लक्षात आल्यापासून २८ दिवसांत नवा मारावा लागतो, आणि त्याआधी मेंढी बाहेर पाठवायची असेल तर तत्पूर्वीच. विकत घेतलेल्या मेंढीला बदली बिल्ला लाल रंगाचा मारतात, म्हणजे ती इथे जन्मलेली नाही हे लांबूनही कळते. खरे महत्त्व वहीतल्या ओळीला. जुना नंबर, नवा नंबर, तारीख. ती ओळ राहिली, तर नव्या बिल्ल्याची मेंढी म्हणजे जणू आभाळातून पडलेली.

वहीमुळे काय घडते याची सुरस गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे, आणि तिचा शेवट आपल्या फलटणला होतो. न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळ 'बूरूला' नावाच्या फार्मवर सीअर्स बंधूंच्या मेरिनो मेंढ्या दोन-दोन, तीन-तीन कोकरे देत. १९५८ मध्ये त्यांनी एका वेतातल्या पाच कोकरांपैकी एक मेंढा तिथल्या सरकारी संशोधन संस्थेला दिला. हेलन न्यूटन टर्नर या संख्याशास्त्रज्ञ बाई तिथे होत्या. कोणत्या मेंढीला किती कोकरे झाली, त्यांची आई कोण, हे वर्षानुवर्षे लिहिले गेले. त्या नोंदींवरून १९८०च्या दशकात कळले, की हे सारे एकाच जनुकाचे काम आहे. १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या बंगाली मेंढ्यांकडे मूळ असावे, असा माग टर्नरबाईंनी जुनी कागदपत्रे चाळून लावला होता. २००२ मध्ये डीएनए तपासणीत सुंदरबनातल्या जेमतेम दहा-पंधरा किलोंच्या गॅरोल मेंढीत तोच जनुक मिळाला.

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापलेल्या फलटणच्या संस्थेने हा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणला आणि 'नारी सुवर्णा' तयार झाली. दख्खनी एरवी बहुधा एकच कोकरू देते. जनुक आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीत कळते, आणि नळीवर कानातला नंबर लिहिलेला असतो. निकाल येईपर्यंत बिल्ला पडला, तर हातात कागद आहे आणि समोर सारखी दिसणारी पन्नास कोकरे.

आता आपल्याकडेही १२ अंकी पिवळा बिल्ला आला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या लसीकरणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तो गावोगाव पोहोचवला. बिल्ला कानाच्या दोन शिरांच्या मध्ये, डोक्याच्या बाजूला मारावा, टोकाशी मारला की लवकर फाटतो, हेही आता मामांना ठाऊक झाले आहे.

मागच्या खेपेला वाडा उतरला तेव्हा मामांची नात बरोबर होती. तिच्याकडे दोनशे पानी वही. जुना नंबर, नवा नंबर, असे रकाने तिने पट्टीने आखले होते. एका ओळीपाशी ती अडली होती. बिल्ला हरवला त्या दिवसाची तारीख काय लिहायची? कोणालाच माहीत नव्हती.

''कान रिकामा दिसला त्या दिवसाची लिही,'' मामा म्हणाले.