२५ पौंडांची पावती

लंडनमध्ये थेम्सच्या काठी रिचमंड नावाचा भाग आहे. १९८०च्या दशकात तिथल्या कौन्सिलनं ठरवलं, की बिल्डर अर्ज करण्याआधी नगररचना अधिकाऱ्याला भेटून ‘इथे काय बांधता येईल?’ अशी चाचपणी करणार असेल, तर त्या भेटीचे २५ पौंड पडतील.

यात गैर काय, असं कुणालाही वाटेल. अर्जावर निर्णय देणं हे कौन्सिलचं कर्तव्य, आणि त्याची फी १९८१ पासून कायद्यानंच ठरलेली. अर्जाआधीचा सल्ला मात्र ऐच्छिक. द्यायची सक्ती नाही, घ्यायचीही नाही. मग बिल्डरच्या फायद्याचा खर्च गावानं का सोसायचा?

वृद्धांसाठी फ्लॅट बांधणाऱ्या मॅकार्थी अँड स्टोन कंपनीनं पैसे भरले आणि कोर्टात गेली. पहिल्या दोन्ही कोर्टांत कौन्सिल जिंकली. पण नोव्हेंबर १९९१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं निकाल फिरवला!

कारण साधं होतं. १९७२च्या कायद्याच्या कलम १११ नुसार आपल्या कामाला पूरक अशा गोष्टी कौन्सिल करू शकते. परवानगीचा निर्णय हे काम, सल्ला ही पूरक गोष्ट. फी म्हणजे पूरक गोष्टीला आणखी एक पूरक गोष्ट. तिथवर कायदा पोचत नाही, असं लॉर्ड्स म्हणाले.

‘पण त्यांनी राजीखुशीनं दिले ना?’ हा मुद्दाही जुनाच. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं एका डेअरीला दूधखरेदीचा परवाना देताना गॅलनमागे २ पेन्स मागितले होते. डेअरीनं ते कबूलही केले होते. तरी १९२२ साली लॉर्ड्सनं वसुली बेकायदा ठरवली, कारण पार्लमेंटची परवानगी नव्हती. परवाना ज्याच्या हातात, त्याच्यासमोर होकार कितपत मोकळा असतो, हे वेगळं सांगायला नको.

असो. खर्चाचा प्रश्न मात्र खराच होता. शेवटी २००३च्या कायद्यानं (कलम ९३) ऐच्छिक सेवांना फी लावायची मुभा दिली. अटी तीन: ती सेवा देणं कायद्यानं बंधनकारक नसावं, घेणाऱ्यानं आधी मान्य केलेलं असावं, आणि वर्षानुवर्षांचा हिशेब धरता जमा खर्चापेक्षा जास्त नसावी. आज इंग्लंडमधल्या कितीतरी कौन्सिलांकडे अशा सल्ल्याचं दरपत्रकच असतं.

म्हणजे १२ वर्षांनी रिचमंडचंच खरं झालं? मला तसं वाटत नाही. २००३ नंतर ‘नफा नको’ ही अट कायद्यात लिहिलेली आहे. १९९१ पर्यंत ती फक्त कौन्सिलच्या मर्जीवर होती.