फुटबॉल क्लब नेमका कोणाचा? मालकी, कारभार आणि चाहत्यांचा असंतोष

पुण्यात २०१४ मध्ये स्थापन झालेला एफसी पुणे सिटी हा क्लब २०१९ मध्ये बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधील (आयएसएल) त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुढे हैदराबादचा संघही २०२५ मध्ये दिल्लीला हलविण्यात आला व त्याचे नामकरण स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे झाले. अकरा वर्षांत एका जागेने तीन शहरे पाहिली. पुण्याच्या प्रेक्षकाला वा हैदराबादच्या चाहत्याला कोणत्याही टप्प्यावर मत विचारले गेले नाही, कारण तसे विचारण्याचे बंधन मालकांवर नव्हते.

तिकीट काढून, जर्सी विकत घेऊन, पराभवातही संघाची साथ न सोडणाऱ्या चाहत्याला क्लबच्या कारभारात काही अधिकार असावा की नाही, हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. महाराष्ट्रात तो विशेष तीव्र आहे, कारण गेल्या दीड दशकात येथील व्यावसायिक क्लब एकामागून एक बंद पडले.

मालकीचे तीन प्रकार

भारतीय फुटबॉलमध्ये ढोबळमानाने तीन प्रकारची मालकी आढळते. पहिला प्रकार उद्योगसमूहाच्या संघाचा. असा संघ समूहाच्या प्रतिष्ठेसाठी व जाहिरातीसाठी चालविला जातो आणि त्याचा तोटा मूळ व्यवसायाच्या नफ्यातून भरून निघतो. दुसरा प्रकार फ्रँचायझीचा. यात लीगमध्ये खेळण्याचा हक्क शुल्क देऊन मिळविला जातो. तो हक्क धारण करणाऱ्या कंपनीचे भागधारक हेच क्लबचे मालक. तिसरा प्रकार सभासदांच्या क्लबचा. कोलकात्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल हे मूळचे असे क्लब.

पहिल्या दोन प्रकारांत चाहत्याचे स्थान ग्राहकाचे असते. त्याला माल नाकारता येतो, दुकान कोठे असावे हे ठरविता येत नाही. शिवाय ग्राहक दुकान बदलू शकतो. फुटबॉलचा चाहता मात्र सहसा क्लब बदलत नाही. या निष्ठेमुळेच मालकांवर बाजाराचा जो नेहमीचा धाक असतो, तो फुटबॉलमध्ये फारसा चालत नाही.

महाराष्ट्रातील बंद पडलेले क्लब

मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे उदाहरण बोलके आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचे विजेतेपद पटकावले. फेडरेशन कप व ड्युरँड कपही जिंकले. २०१० मध्ये शालेय स्तरावरील फुटबॉलकडे लक्ष वळविण्याचे कारण देऊन समूहाने संघ विसर्जित केला. मैदानावरील कामगिरी वाईट नव्हती, कंपनीचा अग्रक्रम बदलला होता.

एस्सेल समूहाचा मुंबई एफसी २००७ मध्ये स्थापन झाला. कूपरेज मैदानाच्या नूतनीकरणामुळे त्याला काही काळ पुण्यातील बालेवाडीला आपले ‘घरचे’ सामने खेळावे लागले. २०१६-१७ च्या हंगामात संघ आय-लीगमधून खालच्या श्रेणीत गेला आणि त्यानंतर क्लबच बंद करण्यात आला. इतर देशांत पदावनतीनंतर पुन्हा वर येण्याची जिद्द धरली जाते. येथे पदावनती हाच शेवट ठरला.

पुण्याची कहाणी याहून दुःखद आहे. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. २०१५ मध्ये तो बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१५ चा एकच हंगाम खेळून मैदानाबाहेर गेला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगामांनंतर, २०१७ मध्ये, मूळ समूहाच्या आर्थिक अडचणींच्या काळात लीगबाहेर पडला. पुणे एफसीची नावाजलेली अकादमी एफसी पुणे सिटीने २०१६ मध्ये आपल्याकडे घेतली होती. २०१९ मध्ये तो क्लबही संपला. चार वर्षांत चार क्लब गमावणारे दुसरे भारतीय शहर सापडणे कठीण.

मुंबई सिटी एफसीचा अनुभव वेगळा असला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष फारसा वेगळा नाही. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये या क्लबचे ६५ टक्के भाग घेतले. २०२०-२१ मध्ये संघाने साखळीतील अव्वल स्थान व अंतिम विजेतेपद, दोन्ही मिळविले. एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून त्या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. परंतु डिसेंबर २०२५ मध्ये लीगच्या भवितव्याविषयीच्या अनिश्चिततेतून हा समूह बाहेर पडला. चांगला मालक लाभणे हे सुदैव असते. त्याला हक्क म्हणता येत नाही, हे त्यातून दिसून आले.

गोव्याचा बहिष्कार

गोव्यात क्लबांच्या मालकांनीच व्यवस्थेविरुद्ध नाराजी व्यक्त केली. आयएसएलला देशातील प्रमुख लीग करून आय-लीगला दुय्यम स्थान देण्याच्या महासंघाच्या आराखड्याचा निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तीन क्लब २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. यांपैकी धेंपोच्या खात्यावर पाच राष्ट्रीय विजेतेपदे होती. आय-लीगमध्ये परत येण्यास धेंपोला २०२४-२५ चा हंगाम उजाडावा लागला. या माघारीचा एक अनपेक्षित परिणाम असा की, पदावनत झालेल्या मिझोरामच्या ऐझॉल एफसीला रिकाम्या जागी पुन्हा प्रवेश मिळाला आणि त्याच संघाने २०१७ मध्ये आय-लीग जिंकून देशाला चकित केले. त्या संघाचे प्रशिक्षक खालिद जमील हे त्यापूर्वी अनेक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते.

कोलकात्यातील नावाचा लढा

चाहत्यांच्या संघटित दबावाला भारतात मिळालेले सर्वांत ठळक यश कोलकात्यातील आहे. २०२० मध्ये आरपीएसजी समूहाने मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचे ८० टक्के भाग घेतले आणि संघाचे नाव ‘एटीके मोहन बागान’ झाले. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या क्लबच्या नावापुढे सहा वर्षांच्या फ्रँचायझीची अक्षरे जोडली जाणे चाहत्यांना मान्य नव्हते. ‘रिमूव्ह एटीके’ ही मोहीम तीन वर्षे चालली. मार्च २०२३ मध्ये संघाने आयएसएल जिंकल्यावर मालक संजीव गोएंका यांनी ती अक्षरे वगळण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षीच्या जूनपासून ‘मोहन बागान सुपर जायंट’ हे नाव आले.

ईस्ट बंगालमध्ये चित्र उलटे होते. श्री सिमेंट या गुंतवणूकदाराशी करार करण्यास क्लबचे पदाधिकारी टाळाटाळ करीत असल्याच्या रागातून जुलै २०२१ मध्ये समर्थक क्लबच्या तंबूबाहेर जमले आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठीमार केला. म्हणजे सभासदांचा क्लब असला म्हणून सामान्य चाहत्याचा आवाज कारभाऱ्यांपर्यंत पोहोचतोच, असे नाही.

परदेशातील अनुभव

इंग्लंडमध्ये ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेड विकत घेतला. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भार तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबवरच पडला. नाराज चाहत्यांच्या एका गटाने त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. त्याआधी विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलविण्यास परवानगी मिळाल्यावर तेथील समर्थकांनी २००२ मध्ये एएफसी विम्बल्डन स्थापन केला. अगदी तळाच्या श्रेणींतून सुरुवात करून हा क्लब २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या परिसरात, प्लाउ लेनला, परतला. पुण्यात वा हैदराबादेत असे काही उभे राहू शकले नाही. तळापासून वर नेणारी श्रेणींची शिडी इंग्लंडमध्ये पूर्वापार आहे. आयएसएलमध्ये मात्र गुणवत्तेवर बढती मिळवून आलेला पहिला संघ २०२३ मध्ये दिसला. तो पंजाब एफसी होय.

२०१९ मध्ये आर्थिक दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील बरी हा १८८५ चा क्लब लीगमधून काढून टाकण्यात आला. २०२१ मध्ये बड्या क्लबांनी आखलेली युरोपीय सुपर लीग समर्थकांच्या संतापामुळे काही दिवसांत कोसळली. या घटनांनंतर ब्रिटिश संसदेने २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा संमत केला. त्यानुसार पहिल्या पाच श्रेणींतील क्लबांवर स्वतंत्र नियामक आला असून, क्लबचा वारसा जपण्याची व महत्त्वाच्या बाबींत चाहत्यांशी सल्लामसलत करण्याची जबाबदारी मालकांवर आहे.

जर्मनीने १९९८ पासून ‘५० अधिक १’ हा नियम पाळला आहे. गुंतवणूकदार पैसा आणू शकतो, मात्र मतदानाचे बहुमत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहिले पाहिजे. लेव्हरकुसेन व वोल्फ्सबर्ग यांसारखे मोजके अपवाद आहेत. प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातील हिस्सा बाहेरील गुंतवणूकदाराला देण्याची योजना लीगने आखली, तेव्हा चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने रोखले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती योजना मागे घ्यावी लागली.

भंडाऱ्याला परिचित असलेले तत्त्व

विदर्भातील एकही संघ आजवर आयएसएलमध्ये खेळलेला नाही. त्यामुळे भंडारा, तुमसर वा साकोली येथील फुटबॉलप्रेमींना दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या परगावच्या क्लबलाच आपले मानावे लागते. तथापि जर्मन नियमामागील तत्त्व या जिल्ह्याला नवे नाही. माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजेच मामा तलावांच्या, या जिल्ह्यात मासेमारीचे ठेके मच्छीमार सहकारी संस्था घेतात, आणि धान उत्पादक शेतकऱ्यालाही सहकारी सोसायटीचा कारभार ठाऊक आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाचे भाग कितीही असोत, त्याला मत एकच. कंपनीत मात्र जितके भाग, तितकी मते. फुटबॉल क्लबच्या मालकीविषयीचा सारा वाद या एका फरकात सामावलेला आहे.

सहकाराच्या मर्यादाही महाराष्ट्राला तितक्याच परिचित आहेत. सभासद उदासीन राहिले, वार्षिक सभा उपचारापुरती उरली, की संस्था मूठभर कारभाऱ्यांच्या हाती जाते. सभासदत्वाचा हक्क हिशेब विचारण्याच्या सवयीविना पोकळ ठरतो. ईस्ट बंगालच्या प्रसंगातून हेच दिसले.

कोल्हापूरचे उत्तर

महाराष्ट्रात फुटबॉलची मुळे सर्वांत खोल गेली आहेत ती कोल्हापुरात. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ पेठांच्या व तालमींच्या आधाराने उभे आहेत. शाहू स्टेडियमवरील सामन्यांना होणारी गर्दी अनेक व्यावसायिक क्लबांना हेवा वाटावा अशी असते. पेठ दुसऱ्या शहरात हलविता येत नाही, म्हणून तेथील संघही हलत नाही. मात्र देशपातळीवरील लीगचा खर्च पेलण्याइतका पैसा या व्यवस्थेत नाही, आणि पेठांमधील ईर्ष्येतून हुल्लडबाजीचे प्रसंगही घडले आहेत. मुळे व पैसा यांची सांगड महाराष्ट्रात अद्याप कोणालाच घालता आलेली नाही.

पुढे काय?

क्लबांच्या अस्थैर्याला मालकांची मर्जी जशी कारण आहे, तशीच लीगची रचनाही. महासंघाने २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना व्यापारी हक्क दिले होते. ती मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपली. त्याआधीच नूतनीकरण रखडल्याने २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, आणि नव्या हक्कांच्या निविदेला नोव्हेंबर २०२५ मध्ये एकही बोली आली नाही. त्या काळात खेळाडूंचे वेतन व क्लबांचे भवितव्य दोन्ही टांगणीला लागले होते.

अशा स्थितीत भारतात लगेच जर्मन नियम लागू होईल, अशी अपेक्षा करणे वास्तवाला धरून होणार नाही. तोटा सोसणाऱ्या मालकाकडून बहुमत काढून घेतले, तर तोटा कोणी भरावा, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. परंतु काही मागण्या खर्चाच्या नाहीत. क्लबचे नाव, रंग, बोधचिन्ह व शहर बदलण्यापूर्वी नोंदणीकृत समर्थकांची संमती घेणे. वार्षिक हिशेब जाहीर करणे. संचालक मंडळात समर्थकांचा एक प्रतिनिधी घेणे. आणि क्लब बंद करावयाचा झाल्यास अकादमीतील मुलांची व खेळाडूंच्या थकीत वेतनाची सोय करण्यासाठी आधीच अनामत ठेवणे, या अटी परवाना देतानाच घालता येतील. आशियाई महासंघाच्या क्लब परवाना पद्धतीमुळे त्यासाठीची चौकट उपलब्ध आहे.

पुण्याच्या चार क्लबांपैकी एकालाही अशा अटी लागू नव्हत्या. पुण्यात वा विदर्भात उद्या एखादा नवा क्लब उभा राहिला, तर विजेतेपदाच्या घोषणांआधी त्याच्या परवान्यातील या अटी वाचणे समर्थकांच्या हिताचे ठरेल.