क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आलं म्हणजे किडनी ठीक आहे का?

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतमध्ये 60 वर्षांची आई आणि 25 वर्षांचा मुलगा यांनी एकाच दिवशी रक्त तपासलं. दोघांचंही क्रिएटिनिन 1.1 आलं. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर हे दोन्ही आकडे नॉर्मलच दिसतील. प्रत्यक्षात मुलाची किडनी व्यवस्थित काम करत असेल, आईची मात्र मागे पडलेली असू शकते.

असं का होतं?

क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो. पण ज्याच्या अंगात स्नायूच कमी, त्याच्या शरीरात क्रिएटिनिन मुळात कमी बनतं. म्हणून वयस्कर, किरकोळ अंगाच्या माणसांचा आकडा फसवा ठरतो. किडनीचं काम जवळपास निम्म्यावर येईपर्यंत तो मर्यादेत राहू शकतो.

म्हणून डॉक्टर ‘ईजीएफआर’ बघतात. किडनी मिनिटाला किती मिलीलिटर गाळते, याचा हा अंदाज. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून तो काढतात. 2021 च्या सूत्राने मुलाचा ईजीएफआर साधारण 95 येतो आणि आईचा 57. तो तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला, तर त्याला दीर्घकालीन किडनी विकार म्हणतात. 15 च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो.

एका रिपोर्टवरून घाबरायचंही कारण नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण ती शिजवण्याचं काम ऐन उन्हाच्या दिवसांत, भट्टीजवळ चालतं. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं, की युरिया आणि क्रिएटिनिन दोन्ही तात्पुरते वाढू शकतात. त्यातच अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेतल्या, तर किडनीवर आणखी ताण येतो. मटण खाऊन तपासणी केली तरी आकडा थोडा वर जातो. युरिया तर आहारानुसार इतका बदलतो, की एकट्या युरियावरून निष्कर्ष काढू नये.

शुगर किंवा बीपी असलेल्यांनी वर्षातून एकदा ईजीएफआरसोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणीही करायला हवी. ईजीएफआर चांगला असतानाही किडनीला पोहोचलेली इजा बऱ्याचदा तिथेच आधी दिसते. लॅबने रिपोर्टवर ईजीएफआर छापला नसेल, तर डॉक्टरांना तो काढून द्यायला सांगता येतं. त्यासाठी वेगळं रक्त द्यावं लागत नाही.