हात न धुता केलेली सुरुवात

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, त्यात माझ्या कवितांच्या वह्या गेल्या. ज्यांची दुकाने गेली, माणसे गेली, त्यांच्यासमोर वह्यांचे दुःख सांगायची लाजच वाटते. चिखल उपसून झाल्यावर मी नवी वही आणली. पहिल्या पानावर ‘बिस्मिल्ला’ लिहिले आणि पुढे कितीतरी दिवस काहीच लिहिले नाही. आई म्हणाली, “ते हातानं लिहिलंस. नियत कुठं केलीस?”

मराठीत नियत हा शब्द बहुधा ती खराब असल्याच्या तक्रारीपुरताच येतो. आमच्या घरात मात्र तो रोजच्या वापरातला. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे. रमजानमध्ये दुसऱ्या दिवशीच्या रोज्याची नियत आदल्या रात्रीच करायची, आणि तीही दर रात्री नव्याने. आई ती मोठ्याने म्हणायची, आम्ही तिच्या मागून. निम्मे शब्द झोपेत जायचे.

अर्थाने या शब्दाचे भावंड शोभेल असा एक शब्द हिब्रूत आहे : कवाना. मन एका दिशेला लावणे, असा त्याचा अर्थ. ज्यू धर्मात तो जुनाच. पण त्याला रोजच्या जगण्यात आणून बसवले ते सोळाव्या शतकातल्या सफद नावाच्या गावाने. गालिलीच्या डोंगरावरचे हे गाव तेव्हा उस्मानी तुर्कांच्या अमलाखाली होते. लोकरी कापडाचा धंदा तिथे भरभराटीला आला होता. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले, त्यांतली अनेक कुटुंबे फिरत फिरत इथे पोहोचली. ज्यू आचारधर्माचा आजही प्रमाण मानला जाणारा ग्रंथ लिहिणारे योसेफ कारो त्यांच्यापैकीच. तो ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. दिवसा कायदा लिहिणारी आणि रात्री गूढविद्येत रमणारी माणसे एकाच गल्लीत, कधी कधी तर एकाच अंगरख्यात राहत होती.

या गूढविद्येचे नाव कबाला. शब्द परका वाटेल, पण आपला ‘कबूल’ त्याच सेमिटिक धातूतून आला आहे. कबाला म्हणजे परंपरेने मिळालेले, स्वीकारलेले.

१५७० मध्ये इजिप्तहून इसहाक लुरिया सफदला आले. तिथे ते मिरी आणि धान्याचा व्यापार करत. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कागदांच्या साठ्यात त्यांच्या व्यवहाराचे कागद सापडले आहेत. (मिरीचा व्यापारी आणि साधुपुरुष, हा योग मला फार आवडतो.) सफदमध्ये त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. १५७२ च्या साथीत ते गेले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. स्वतः त्यांनी फारसे लिहिले नाही. शिष्य हायिम विताल यांनी लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते.

लुरियांनी सांगितलेली गोष्ट अशी. विश्वाला जागा व्हावी म्हणून ईश्वर आधी स्वतःच आकसला. मग त्याने प्रकाश ओतला, पण तो धरणारी भांडी फुटली आणि ठिणग्या सगळ्या वस्तूंत विखुरल्या. भाकरीत, लोकरीत, मिरीच्या दाण्यातही. माणसाने एखादे काम मन लावून, कवाना ठेवून केले की त्यातली ठिणगी मोकळी होते. या दुरुस्तीला ते ‘तिक्कून’ म्हणत. देशोधडीला लागलेल्या समाजाने आपले दुःख थेट विश्वरचनेत नेऊन ठेवले, असा अर्थ गेर्शोम शोलेम या विसाव्या शतकातल्या मोठ्या अभ्यासकाने लावला. मोशे इदेल यांना तो पटत नाही. वाद विद्वानांचा आहे. पण ज्याचे घर फुटले त्याला फुटलेल्या भांड्यांची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, एवढे मी चिपळूणकर म्हणून सांगू शकतो.

सफदकरांचे लक्ष सुरुवातींवर होते. नवा चंद्र उगवण्याच्या आदल्या दिवशी उपास करून गेल्या महिन्याचा हिशेब चुकता करायची रीत तिथूनच पसरली. शुक्रवारी संध्याकाळी लोक गावाबाहेर शेतात जाऊन सब्बाथचे नवरीसारखे स्वागत करत. त्यासाठी श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलेले गीत आज जगभर गायले जाते. १७९६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सिनेगॉगमध्येही ते पोहोचले. आपले बेने इस्राएल लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आले आहेत. मध्यरात्री उठून प्रार्थना करण्याची रीतही सफदचीच. तिला कॉफीने हात दिला असे एका अभ्यासकाचे म्हणणे. १५८० च्या सुमारास सफदमध्ये कॉफीघर असल्याचा उल्लेख मिळतो. ती कॉफी आली येमेनहून. तिथले सूफी रात्रीच्या जिक्रासाठी ती पीत. देवाणघेवाण आधीचीही आहे : अकराव्या शतकात स्पेनमधल्या बाह्या इब्न पाकुदा यांनी हृदयाच्या कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला तो अरबीत, आणि त्यावर सूफी विचाराची छाप उघड दिसते.

पुढे प्रत्येक धर्मकृत्याआधी आपला हेतू शब्दांत म्हणण्याची प्रथा पडली. अठराव्या शतकात प्राहाचे रब्बी यहेझकेल लांडाऊ त्यावर संतापले. कृत्य करा, आधी घोषणा कशाला, असा त्यांचा सूर. हे वाचून मला हसू आले. नियत ओठांनी म्हणावी की मनात असणे पुरे, यावर आमच्या फकिहांनीही शतकानुशतके वाद घातला आहे. इब्न तैमिया म्हणत की तिची जागा हृदयात. शाफईंमधले अनेक म्हणत की जिभेची मदत हृदयाला होते. लांडाऊ आमच्या आईशी भांडले असते, आणि कोरी वही पुढ्यात ठेवून या साऱ्याचा अभ्यास करत बसलेल्या मला तर त्यांनी सोडलेच नसते.

सफदच्या जवळच एन झेतीम नावाचे खेडे होते. तिथल्या पाठशाळेचे प्रमुख मोशे इब्न माखीर यांचे दिनचर्येवरचे पुस्तक १५९९ मध्ये व्हेनिसला छापले गेले. डोळे उघडताच म्हणायचे एक छोटे वाक्य त्यात आहे : माझा जीव परत दिलास, उपकार झाले, एवढाच त्याचा आशय. झोपेतून उठताना आम्हीही साधारण हेच म्हणतो. पण त्या वाक्याची खुबी वेगळी. त्यात ईश्वराचे नाव घातलेले नाही, म्हणून ते अंथरुणातच, हात धुण्याआधी म्हणता येते.

हे वाचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी तोंड न धुताच वही उघडली. वाहून गेलेली एखादी कविता आठवून लिहावी, असा बेत होता. एकही ओळ आठवेना. स्वयंपाकघरात आई वाटणाचा पाटा घासत होती. त्याच्या टाक्यांत बसलेला चिखल काही केल्या निघत नव्हता. मग त्या पाट्यावरच लिहिले.