उंबरठ्याच्या आतलं कुत्रं

पहाटेचे पावणेतीन. आंबिवलीतल्या आमच्या भाड्याच्या वन बीएचकेमध्ये त्या रात्री मी तिसऱ्यांदा फरशी पुसत होतो. स्टेशनजवळ पावसात सापडलेला तांबू, वय साधारण नऊ आठवडे, कोपऱ्यात शेपूट हलवत बसला होता. त्याने शू करून दहा मिनिटं तरी झाली असतील. मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला हाणली. तो पलंगाखाली पळाला आणि घाबरून तिथेही शू केली.

आदल्याच दिवशी घरमालक सांगून गेले होते, ''महिनाभरात वास थांबला नाही, तर कुत्रा तरी जाईल नाहीतर तुम्ही.''

सकाळी आजीला फोन केला. ''गावच्या मोत्याला तू कसं शिकवलंस गं?''

ती हसली. ''शिकवायचं काय त्यात? तो घरात कधी आला?''

आपल्याकडच्या कुत्र्यांचा इतिहास त्या एका वाक्यात आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवतात, साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. कुत्र्याला मान आहे, पण जागा अंगणात, ओट्यावर किंवा गोठ्यापाशी. नामदेवांच्या गोष्टीतलं कुत्रंही पोळी पळवून बाहेरच धावतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे जातात. उंबरठ्याच्या आत कुत्रं नव्हतं, म्हणून 'घरात घाण केली' हा प्रश्नही नव्हता. अंगण गेलं, तिसरा मजला आला आणि हा प्रश्न जन्माला आला.

पण उंबरठ्याबाहेरची जागा कायम सुरक्षित होती असंही नाही. इंग्रजी अमलातल्या मुंबईत ठरावीक काळात भटकी कुत्री मारायचा हुकूम असे आणि मारलेल्या कुत्र्यामागे पैसे मिळत. त्यामुळे पाळलेली कुत्रीही सुटेनात. 6 जून 1832 रोजी पारशी लोक याविरुद्ध रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली. त्या काळात कुणाच्या दाराशी बांधलेलं आणि कुणाचंच नसलेलं, या दोन कुत्र्यांमधलं अंतर जीवन-मरणाचं होतं. तांबूला परत स्टेशनवर सोडणं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं.

आणि त्या गुंडाळीचं काय? त्याचं उत्तर महाभारताच्या सुरुवातीलाच आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचा यज्ञ चालू असताना सरमेचं पिल्लू तिथे येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला बडवतात. पिल्लू रडत आईकडे जातं. सरमा येऊन विचारते, याने हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडे पाहिलंही नाही, मग का मारलंत? कुणाकडेच उत्तर नसतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही हा प्रसंग आहे. तांबूने निदान फरशी ओली केली होती. पण फरशीवर करू नये, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

सांगायची पद्धतही हळूहळू बदलत गेली. 1910 मध्ये जर्मनीत कॉनराड मोस्ट यांचं कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरचं पुस्तक आलं. त्यात सक्तीवर बराच भर होता. 1951 मध्ये बी. एफ. स्किनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलेल्या लेखाचा रोख वेगळा होता: हवी ती गोष्ट घडली की त्याच क्षणी खूण द्या आणि खाऊ द्या. उशीर झाला, तर जनावर भलत्याच गोष्टीशी संबंध जोडतं. दहा मिनिटांनी मारलेल्या गुंडाळीतून तांबू एवढंच शिकला होता, की हा माणूस कधीही मारतो.

मग मी कामातली सवय घरी वापरली आणि वेळा लिहून ठेवल्या. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर: बहुतेक वेळा याच तीनपैकी एक. इतक्या लहान पिल्लाला दोन-तीन तासांपलीकडे धरवतच नाही. लसी पूर्ण व्हायच्या होत्या, म्हणून रस्त्याऐवजी त्याला गच्चीच्या एकाच कोपऱ्यात न्यायचो. शू संपता संपता 'शाब्बास' आणि चिकनचा बारीक तुकडा. नंतर कोपरा धुऊन टाकायचो. रात्री दोनदा गजर. घरातली फरशी फिनेलऐवजी एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसायला लागलो, कारण फिनेलने वास आपल्या नाकापुरता दबतो. कुत्र्याला जुनी जागा बरोबर सापडते आणि तो तिथेच परत जातो.

महिना उलटून गेला आहे. घरमालक येऊन गेले, नाक वर करून दोन श्वास घेतले आणि काही न बोलता भाडं घेऊन गेले.

तांबू आता दारापाशी येऊन उंबरठा खरवडतो. कधी माझा कॉल लांबतो, मी उठत नाही आणि दारातच थारोळं होतं. तेव्हा मी गुपचूप फडकं आणतो. चूक कुणाची, ते आम्हा दोघांनाही माहीत असतं.