बोरूची चाल

प्रवरेच्या काठी नेवाशाला गेलेला यात्रेकरू पैस खांबाला मस्तक टेकवून येतो. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी येथे गीतेवरील टीका सांगितली, ही आपली परंपरा. ती उतरून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांच्या हाताची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो. वाणी वाहत असते. लिहिणाऱ्याला वेग आणि शुद्धता या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करावी लागते.

पुढे मराठी माणसाने या दोन धन्यांसाठी दोन निराळी वळणे वापरली: पोथीला बाळबोध, दफ्तराला मोडी. बाळबोधीत हात वरचेवर उचलायचा, काना-मात्रा जागच्या जागी बसवायच्या, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचे. मोडीचा कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढी आणि मग तिच्याखाली गोलसर अक्षरे एकमेकांत गुंतवीत बोरू पळवी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद त्याने बहुतेक सोडूनच दिला होता. अचूकपणा किती हवा हे आधी ठरे. हाताची चाल त्यावरून ठरे.

अचूकपणा ढळला की काय होते, हेही ज्ञानेश्वरीनेच दाखविले. प्रतीवरून प्रती होता होता पाठ इतके बिघडले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांना ग्रंथ शुद्ध करावा लागला. पाठ, कंबर, मान मोडून हे लिहिले आहे, ते जपा, अशी विनवणी जुने लेखक पोथीच्या शेवटी करीत, ती उगाच नव्हे.

ही गोष्ट शास्त्राने मोजली ती फार उशिरा. १८९९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी माणसांकडून ठेक्यावर पेन्सिलीच्या रेघा ओढवून घेतल्या. ठेका फार जलद झाला की डोळे उघडे असोत की मिटलेले, चुका सारख्याच! नजरेला हात सावरायला अवधीच उरत नाही. जे काही ठरायचे ते हात हलण्यापूर्वीच. १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी त्याचा हिशेब मांडला: लक्ष्याची रुंदी निम्मी केली किंवा अंतर दुप्पट केले, की दर वेळी ठरावीक वेळ वाढतो.

मोडी आता शाळांतून गेली. पण वर्गात मुलाला ‘लवकर लिही’ आणि ‘वळणदार लिही’ असे एका दमात सांगणारे आम्ही मास्तर अजून आहोत. त्या पोराने कोणत्या धन्याचे ऐकावे, एवढे तरी आधी सांगायला हवे.