रानकोंबड्याची वंशावळ

फेझंट म्हणून जे लांब शेपटीचे शोभिवंत पक्षी प्रसिद्ध आहेत, त्यांचे भारतातील माहेर हिमालय होय. सह्याद्रीत त्यांचे कुळ चालविणारे म्हणजे मोर, तांबूस चकोत्री आणि करडा रानकोंबडा. यांपैकी तिसऱ्याची वंशकथा मोठी मौजेची आहे.

लोणावळ्यापासून राजमाचीपर्यंतच्या रानात पहाटे त्याची साद ऐकू येते. गावठी कोंबड्याच्या बांगेसारखी ती लांबत नाही. चारपाच तुटक अक्षरांतच संपते. पक्षी दृष्टीस पडणे मात्र दुर्घट. चाहूल लागताच तो धावत जाळीत शिरतो. कोवळे कोंब, वाळवी, उंबरे हे त्याचे अन्न. आणि अनेक वर्षांनी कारवी फुलून बी धरते, तेव्हा एरवी एकटेदुकटे हिंडणारे हे पक्षी मेजवानीस यावेत तसे जमतात.

नराचे अंग करडे, शेपटी काळीभोर व कोयत्यासारखी वाकडी. मानेवरील पिसांच्या टोकांशी मेणाच्या थेंबासारखे पिवळसर, चकचकीत ठिपके असतात. हेच त्याचे दुर्दैव! विलायतेत सॅमन मासे धरण्याच्या गळास ही पिसे बांधीत, आणि त्यापायी त्याची कातडी तिकडे रवाना होत असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीस आळा घातला.

1782 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने हाच पक्षी पाळीव कोंबडीचा मूळपुरुष असल्याचे प्रतिपादिले. 1813 मध्ये टेमिंकने पक्ष्यास सोनेराचे नाव दिले खरे, परंतु त्याचे मत स्वीकारले नाही. 1868 साली डार्विनने तर निकालच दिला : पाळीव कोंबडीचा पूर्वज तो उत्तरेकडील व पूर्वेकडील तांबडा रानकोंबडा, करड्याचा आवाज निराळा, पिसे निराळी, आणि गावठी कोंबडीपासून झालेली त्याची संततीही बहुधा वांझ. सह्याद्रीचा दावा असा खारीज झाला.

पुढे 140 वर्षांनी, 2008 मध्ये, स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा शोध घेतला. तांबड्याची कातडी पांढरी असते. पिवळ्या कातडीस कारण होणारे जनुकाचे रूप त्याच्याकडून आलेले नसून बहुधा करड्याकडून आले असावे, असे त्यांना दिसून आले. मूळपुरुषाचा मान तांबड्याकडेच राहिला. पण सोनेराला अगदीच वेड्यात काढण्याचे कारण उरले नाही. अन्नातील पिवळे द्रव्य कातडीत मोडून टाकण्याचे काम या जनुकरूपात बंद पडते, आणि ते द्रव्य तेथेच साठते. मावळातल्या एखाद्या परसात उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीच्या पिवळ्या पायांचा रंग असा रानातल्या जुन्या सोयरिकीतून आलेला आहे.